अर्जातला आवाज कोणाचा?

तिने आणलेल्या कागदाच्या पहिल्याच ओळीत शिक्षण हे वाघिणीचे दूध होते. दुसऱ्या ओळीत लहानपणापासूनची समाजसेवेची आवड, तिसरीत देशाच्या विकासात उचलायचा खारीचा वाटा. सगळे इंग्रजीत, व्याकरण बिनचूक. पण पानभर वाचूनही ही मुलगी कोण, कुठली, काय बघत मोठी झाली याचा काही पत्ता लागत नव्हता. वरणगावजवळच्या एका खेड्यातून ती रोज भुसावळला कॉलेजला जायची. बी. ए.चे शेवटचे वर्ष, विषय अर्थशास्त्र. एम. ए.साठी जो फॉर्म भरायला घेतला होता त्यात गुणपत्रिकेबरोबर एक निबंध मागितला होता: हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे?

मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "घरी शेतीचा हिशोब कोण लिहितं?"

"मीच. सातवीपासून."

"सातवीपासून? आणि आबा?"

"आबांले लिहिता येत नाही, सर. कापणीच्या दिवशी मी बांधावर वही घेऊन बसते."

पुढच्या रविवारी ती वही घेऊन आली. दोनशे पानी, कव्हर गेलेले, पाने केळीच्या चिकाने काळपट डागाळलेली. रकाने पट्टीने आखलेले: तारीख, घड किती, वजन, दांड्याचे म्हणून वजा धरलेले वजन, जाहीर झालेला भाव, हातात पडलेला भाव. नववीत असताना तिने शेवटी एक रकाना स्वतःच्या मनाने वाढवला होता. त्याच्या डोक्यावर लिहिले होते, 'फरक'. एका पानाच्या समासात बारीक अक्षरांत नोंद होती: 'गाडी उद्या येते म्हणाले. आली नाही. घड पिकले.'

अर्थशास्त्र का शिकायचे याचे उत्तर ही मुलगी आठ वर्षे लिहीत आली होती. तिला ते कोणी विचारले नव्हते, एवढेच.

प्रवेशअर्जातल्या निबंधासाठी एका विद्यार्थ्यासमोर एका माणसाने बसणे, हे काम मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून करतो आहे. या कामाची आपल्याकडे गरज वाढते आहे, त्याचा बाजारही वाढतो आहे, आणि ते नेमके काय काम आहे याबद्दलचा गोंधळ त्याहून वेगाने वाढतो आहे. माझे म्हणणे असे की ही मदत खेड्यातल्या मुलाला मिळालीच पाहिजे, ती त्याच्या गावात मिळाली पाहिजे, आणि मदत करणाऱ्याने एक वाक्यसुद्धा स्वतःचे घालता कामा नये.

आपल्याकडे प्रवेश म्हणजे टक्के आणि रँक. नीट, जेईई, सीईटी. 'स्वतःबद्दल लिहा' असे आपली प्रवेशयंत्रणा सहसा म्हणत नाही. पण बाहेर हे सर्रास चालते. अमेरिकेतली शेकडो महाविद्यालये ज्या एका सामायिक अर्जातून प्रवेश देतात, त्या कॉमन ॲपमध्ये 650 शब्दांपर्यंतचा एक निबंध असतो. शिवाय प्रत्येक महाविद्यालयाचे वेगळे छोटे प्रश्न. ब्रिटनमध्ये युकासच्या अर्जातले निवेदन 4000 अक्षरांचे; ते 2026च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागले गेले आहे. चेव्हनिंग शिष्यवृत्तीला नेतृत्व, लोकसंपर्क, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढचा बेत अशा चार विषयांवर लिहावे लागते. भारतातही काही विद्यापीठे आणि फेलोशिप आता असे लेखन मागतात. म्हणजे खानदेशातल्या ज्या मुलाला पुण्या-मुंबईच्या पलीकडची वाट धरायची आहे, त्याला कधी ना कधी या कोऱ्या पानासमोर बसावेच लागते.

आणि तिथे ते मूल अडते. याचे कारण इंग्रजी आहे असे सगळे म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. तीस वर्षे वर्गात निबंध तपासले, म्हणून सांगतो. 'नदीचे आत्मवृत्त', 'मी मुख्यमंत्री झालो तर', 'माझा आवडता ऋतू'. चाळीस वह्यांत चाळीस पावसाळे, आणि प्रत्येकात निसर्गाने हिरवा शालू नेसलेला. गाइडमधून आलेला. तापीला पूर आला की हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, ते पाणी बघायला ही मुले सायकलवर जातात. पण त्या पाण्याचा रंग, त्याचा आवाज, काठावरच्या शेतकऱ्याच्या पोटातला गोळा, यातले काही वहीत आले नाही. ते लिहिले तर मार्क कापले जातील अशी मुलांची पक्की समजूत होती, आणि ती समजूत आम्हीच करून दिली होती. दहा वर्षे दुसऱ्याच्या तोंडून बोलायला शिकवायचे आणि अकराव्या वर्षी विचारायचे की तू कोण. मूल वाघिणीच्या दुधापाशी जाते, कारण आम्ही त्याला तीच वाट दाखवलेली असते.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो आधी घेतला पाहिजे. निबंध मागणे हीच मुळात श्रीमंतांच्या सोयीची गोष्ट आहे, असे काही मित्र म्हणतात. त्यांच्या बाजूने इतिहास आहे. 1920च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांनी गुणांच्या जोडीला 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' बघायला सुरुवात केली, ती मोठ्या संख्येने परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या ज्यू मुलांना आवर घालण्यासाठी. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने 2005 साली 'द चोझन' या ग्रंथात हे सगळे कागदपत्रांनिशी मांडले. दाराला जी कडी लावायची तिचेच नाव व्यक्तिमत्त्व ठेवले होते.

मग निबंध काढून टाकावा आणि गुणांवर सोडावे? मला ते पटत नाही. गुण काय स्वच्छ हवेत उगवतात? कोटा आणि लातूर आपल्या डोळ्यांसमोर उभे आहेत. ज्याच्या बापाला दोन वर्षांची फी आणि खोलीभाडे झेपते त्याचे गुण वाढतात. आणि गुणपत्रिकेत 'फरक' नावाचा रकाना बसत नाही. बांधावर बसून बाजारभाव आणि हातात पडणारा पैसा यांतले अंतर वर्षानुवर्षे मोजणाऱ्या मुलीला अर्थशास्त्राची जी समज असते, ती दाखवायला निबंधाखेरीज दुसरी जागा मला दिसत नाही. जी कडी बाहेर ठेवण्यासाठी लावली ती आतून उघडताही येते. पण कोणीतरी हात धरून ती कडी कुठे आहे ते दाखवावे लागते.

शहरात हा हात विकत मिळतो, आणि तिथेच खरी गडबड आहे. आमच्या गावातल्या एका कुटुंबाने मुलाच्या परदेशी अर्जासाठी मोठ्या शहरातल्या एका कन्सल्टन्सीकडे पैसे भरले. मुलाशी फोनवर वीस मिनिटे बोलणे झाले आणि आठ दिवसांनी निबंध तयार होऊन आला. फार सुंदर निबंध होता. आजोबांच्या विहिरीवर चांदण्यात बसून विश्वाबद्दल विचार करणारा एक मुलगा त्यात होता. मुलाखत घेणाऱ्यांनी त्या विहिरीबद्दल विचारले. मुलाच्या आजोबांना विहीर नव्हती. ते फॅक्टरीत होते, तिन्ही पाळ्यांत काम करून निवृत्त झालेले. मुलगा गप्प बसला. तो खोटारडा नव्हता. त्याच्या नावावर कोणीतरी दुसरे मूल पाठवून दिले होते. मला सगळ्यात वाईट वाटले ते आजोबांचे. वरणगावच्या आयुध निर्माणीत बंदुकीची काडतुसे बनतात. तिथे आयुष्यभर जोखमीचे काम केलेला माणूस नातवाच्या निबंधातून पुसला गेला, कारण विहीर अधिक शोभिवंत होती.

आता तर पैसेही लागत नाहीत. मोबाइलवर चॅटजीपीटीला दोन ओळी सांगितल्या की पान तयार. त्या मुलीचे पहिले पान तसेच आले होते. तिने लगेच सांगून टाकले. मी तिला रागावलो नाही. विचारायला माणूस नसेल तर मूल यंत्राला विचारणारच. पण यंत्राला वहीबद्दल माहीत नव्हते, आणि वही सांगण्यासारखी गोष्ट आहे हे तिलाही माहीत नव्हते. समोर बसलेल्या माणसाचे काम इथे सुरू होते.

दुसऱ्याचा आवाज कागदावर कसा उतरवावा हे शिकायला आम्हा खानदेशकरांना लांब जायची गरज नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आहे तो त्या लिहिणाऱ्या हातामुळे. गुरुजी स्वतः केवढे लेखक! भावनेचा पूर त्यांच्या लेखणीत कायम भरलेला. तरीही त्या पानांतून विनोबाच बोलतात. ती रेखीव, साध्या दृष्टांतांची भाषा विनोबांचीच आहे.

दुसरे उदाहरण तर घरचेच. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या लेक, जळगावच्या सून. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गाणी रचत. ती गाणी मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर यांनी लिहून ठेवली. 1951 साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, हे आपण विसरतो. प्रमाण मराठीतल्या कवितेची वळणे त्यांना येत होती. आईच्या बोलीला शहरी इस्त्री करायचा मोह त्यांना झालाच नसेल असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी 'मले', 'तुले' तसेच राहू दिले. त्यांनी ते सुधारले असते तर आज जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या बहिणाबाई आपल्याला भेटल्याच नसत्या.

मी मुलांसमोर बसतो तेव्हा ही दोन माणसे डोळ्यांपुढे ठेवतो. तुलना मोठी आहे, पण समोर काहीतरी मोठे असावे लागते.

म्हणून पहिला मसुदा मी घरच्या बोलीत लिहायला सांगतो. आमच्या भागात लेवागणबोली आहे, धुळ्याकडे अहिराणी. आईला सांगतेस तसे लिही, एवढेच म्हणतो. सुरुवातीला मुले हसतात, मग लाजतात, मग लिहितात. त्यातून प्रमाण मराठी, आणि शेवटी इंग्रजी. तीन पायऱ्या, वेळ लागतो. खरी जोखीम शेवटच्या पायरीवर असते. इथे मदत करणाऱ्याला वाटते की शब्द तर मुलाकडे नाही, मी दिला तर काय बिघडले? काल आणि वचन दुरुस्त करावे, शब्दकोश हातात द्यावा, 'हे वाक्य मला कळले नाही, परत सांग' असे दहा वेळा म्हणावे. पण वाक्य देऊ नये. मुलाचे इंग्रजी थोडे आखूड, थोडे खडबडीत राहिले तर राहू द्यावे. वीस वर्षांच्या मुलीचे पान पन्नाशीच्या प्राध्यापकासारखे वाजले की वाचणाऱ्याला ते कळते.

त्या मुलीला चार रविवार लागले. तिसऱ्या रविवारी ती अडून बसली. वहीबद्दल लिहिले, पण शेवट तिला पुन्हा देशसेवेवर न्यायचा होता. मी म्हटले, "फरक कुठे जातो ते तुला माहीत आहे का?"

"नाही माहीत, सर."

"मग तेच लिही."

तिने लिहिले की जाहीर भाव आणि मिळालेला भाव यांतला फरक मला मोजता येतो, पण तो कोणाकडे आणि का जातो हे मला कळत नाही, आणि ते शिकायला मी येते आहे. हे वाक्य तिचे आहे. माझ्याकडे तो प्रश्न होता, वाक्य नव्हते.

एका बाबतीत मी फार कडक आहे. गरिबीची आणि मरणाची गोष्ट लिहिली की निवड होते, असा एक समज मुलांत आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांतही पसरला आहे. एका मुलाच्या घरात कर्जापायी आत्महत्या झालेली. कोणीतरी त्याला सांगितले होते की हे लिही, हेच तुझे भांडवल. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला ते लिहायचे नव्हते, पण लिहिले नाही तर संधी जाईल ही भीती होती. मी त्याला ठामपणे सांगितले की सांगणे न सांगणे तुझ्या हातात आहे, आणि न सांगितल्याने तुझा अर्ज हलका होत नाही. त्याने शेवटी मोटर रिवाइंडिंगबद्दल लिहिले. सुट्टीत तो ते काम करायचा, आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता विद्युतशास्त्राकडे वळला होता. दुःख ज्याचे त्याचे असते. प्रवेश समितीने ते मागू नये, आणि मार्गदर्शकाने तर त्याला हातही लावू नये.

मार्गदर्शकाच्या महत्त्वाकांक्षेचाही एक धोका आहे, आणि तो आपल्या इतिहासात ठळक दिसतो. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई जोशी उभ्या राहिल्या आणि मी अमेरिकेला का जाते हे त्यांनी भर सभेत सांगितले. वय सतरा. इथे शिकायची सोय नाही का, एकटीच का जातेस, परत आल्यावर वाळीत टाकले तर, असे लोकांचे प्रश्न एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. माझ्या मते कुठल्याही प्रवेशअर्जातल्या निबंधाचा तो आदर्श आहे: जे विचारले जाते त्याला सरळ उत्तर. पुढे त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला अर्जाचे पत्र लिहिले, प्रवेश मिळाला, आणि मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

त्यांच्यामागे दोन माणसे होती. एक गोपाळराव. त्यांनी बायकोला शिकवले हे खरे, आणि धाकात, मारात शिकवले हेही खरे. शिक्षणाची पहिली जिद्द त्यांची होती आणि तिचे ओझे त्या मुलीने वाहिले. दुसऱ्या न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर. 1880पासून त्या पत्रे लिहीत होत्या, विचारत होत्या, आनंदीबाई उत्तर देत होत्या. तीन वर्षे एक बाई दुसरीचे ऐकत होती. सेरामपूरच्या त्या सभेत जो निःशंक आवाज ऐकू आला, तो या पत्रांत मोकळा होत गेला असे मी मानतो. एकास एक मार्गदर्शन म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी कार्पेंटरबाईंचे नाव सांगेन.

आज हे काम महाराष्ट्रात कोणी करत नाही असे नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातून आलेल्या राजू केंद्रे यांनी 2017 साली विदर्भात एकलव्य ही संस्था उभी केली. घरातल्या पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्या मुलांना नामांकित विद्यापीठांपर्यंत पोचवायचे, आधी गेलेल्याने मागून येणाऱ्याचा अर्ज बघायचा, हे तिचे काम. केंद्रे स्वतः पुढे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. सरकारही काही करत नाही असे नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी अनुसूचित जातींतल्या 75 विद्यार्थ्यांचा परदेशी शिक्षणाचा खर्च राज्य उचलते. पण त्यासाठी नामांकित परदेशी विद्यापीठातला प्रवेश आधी हातात असावा लागतो. प्रवेशानंतरचा रस्ता डांबरी, प्रवेशापर्यंतची पायवाट काट्याची. त्या पायवाटेवर सगळ्यात आधी एक कोरे पान आडवे येते. समाजकल्याणच्या वसतिगृहांत वर्षातले चार महिने अर्जलेखनाला माणूस बसवला तर शिष्यवृत्तीच्या तुलनेत खर्च काहीच नाही. मी हे सरकारला सांगतो आहे आणि गंभीरपणे सांगतो आहे.

सरकार करेपर्यंत आपण थांबायचे का? वरणगावात फॅक्टरीमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली आणि इथलीच झाली. निवृत्त इंजिनिअर आहेत, कार्यालयात आयुष्यभर इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळलेले बाबू आहेत, शाळामास्तर आहेत. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेली माणसे आहेत. रविवारी सकाळी शाळेचा एखादा वर्ग रिकामा असतोच. एका माणसाने वर्षाला दोन मुले घेतली तरी पुष्कळ. मोठे इंग्रजी यायला हवे असे नाही. विचारता यायला हवे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसता यायला हवे. शिक्षकाला हे दुसरे फार जड जाते, माझ्या अनुभवाने सांगतो.

त्या मुलीला पहिल्या विद्यापीठाने घेतले नाही. दुसऱ्याने घेतले. चांगला निबंध म्हणजे हमखास प्रवेश असे मी कोणाला सांगत नाही. पण दोन्ही ठिकाणी जो कागद गेला तो तिचा होता, आणि दुसऱ्या ठिकाणच्या मुलाखतीत पहिला प्रश्न 'फरक' या रकान्यावर आला. ती वीस मिनिटे बोलली. वही आता तिचा धाकटा भाऊ लिहितो.

ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांनी आपल्या गावातल्या शाळेत, कॉलेजात किंवा वाचनालयात जाऊन तसे सांगावे. कॉमन ॲपचा अर्ज दरवर्षी 1 ऑगस्टला उघडतो, चेव्हनिंगचाही त्याच सुमारास. मुलांना बोलते व्हायला महिना-दीड महिना लागतो. तेव्हा पहिली बैठक जूनमध्ये, शाळा उघडतात त्याच आठवड्यात, व्हायला हवी.